शेटे बाईंचा भांडणाचा दिवस

परवा एका कचेरीत दाखल्यासाठी गेलो होतो. खिडकीतल्या पोरानं मान वर न करताच सांगितलं, "काका, सिस्टिममध्ये तुमचं नाव न्हाई." मी म्हटलं, "अरे, पण मी तर हाय की तुझ्यासमोर." तो म्हणाला, "ते खरं हो, पण सिस्टिम दाखवत न्हाई." आणि त्यानं माझ्या मागच्या माणसाचा कागद ओढून घेतला. मीही मुकाट्यानं बाजूला झालो. चार पायऱ्या उतरलो आणि एकदम शरमल्यासारखं झालं. आमच्या शेटे बाई तिथं असत्या तर त्यांनी मला जिन्यातच अडवलं असतं. "डोंगरे सर, न भांडताच आलात कावून?" मग काय, परत फिरलो. चांगला अर्धा तास भांडलो. नाव सापडलं, शेजारच्या गावाच्या यादीत जाऊन बसलं होतं. पोरगं म्हणालं, "सिस्टिमची चूक हाय काका." मी म्हटलं, "सिस्टिमला हात न्हाईत बाळा. कुणाच्या हातून झाली ते बघ." हे वाक्य माझं नाही, बाईंचं आहे. माझ्या डोक्यात एवढं शहाणपण येत नाही.

केजच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो, तिथं शेटे बाई गणित शिकवायच्या. मी नवखा, त्या निवृत्तीच्या अलीकडच्या. उंचीनं बेताच्या, अंगानं काटक, कपाळावर भस्माची बारीक रेघ, खांद्याला कापडी पिशवी. घराणं लिंगायत, भुसार मालाच्या व्यापारातलं. दोन्ही भाऊ अडतीवर बसायचे आणि बहीण फळ्यासमोर उभी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची केजमध्ये कुणाची टाप नव्हती. गळ्यातलं लिंग त्यांच्या पदराआड असायचं आणि काही अवघड आलं की त्यांचा उजवा हात आपोआप तिथं जायचा. वर्गातल्या पोरांना हे पाठ होतं. बाईंचा हात छातीशी गेला की खोडकरातलं खोडकर पोरगंही पेन्सिल खाली ठेवायचं.

पेपर तपासायची त्यांची एक तऱ्हा होती. गठ्ठा आला की आधी प्रत्येक पेपरचा नावाचा कोपरा दुमडून त्याला टाचणी मारायच्या. नुसता नंबर दिसला पाहिजे. मी एकदा हसून म्हटलं, "बाई, अक्षरावरून तर कळतंच की कुणाचा ते." त्या म्हणाल्या, "कळू नये म्हनून पयल्या दिवसापासून मी पोरांचं अक्षर ध्यानात ठेवत न्हाई." आता हे कुणाला जमतं सांगा. मला तर दुसऱ्याच आठवड्यात कुठला पेपर कुणाचा ते झाकल्या डोळ्यांनी कळायचं, आणि त्याचा मला अभिमानही वाटायचा. बाईंसमोर तो बोलून दाखवला नाही, एवढीच काय ती अक्कल.

ते दिवस मोठे गमतीचे होते. तहसीलसमोर एसटीडीचे पिवळे बूथ एकाला एक लागून उभे राहिले होते, गच्च्यांवर डिश अँटेना उगवल्या होत्या, आणि खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीवर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली होती. अशात आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णा कुठून कुठून खटपटी करून शाळेसाठी तीन कॉम्प्युटर घेऊन आले. अण्णा म्हणजे मोठे जमीनदार, राजकारणातलं वजनदार माणूस, पण शाळेवर जीव होता त्यांचा. खोलीला रंग दिला, पडदे लावले, दाराबाहेर चपला काढायची ताकीद दिली. पूजा झाली, नारळ फुटला, कॉम्प्युटरच्या पडद्याला हळदकुंकू लागलं. मग शिक्षकांनी ओळीनं हात जोडले. बाई तेवढ्या तशाच उभ्या राहिल्या.

अण्णा म्हणाले, "बाई, नमस्कार करा की. विद्याच हाय ही."

बाई म्हणाल्या, "अण्णा, नारळ फोडला ते बरं केलं. पन याच्या पाया पडू नगा. एकदा पाया पडलं का मानूस प्रश्न विचारत न्हाई."

अण्णा हसले. माझ्या मते त्यांना ते कळलं नव्हतं. मलाही नव्हतं.

कॉम्प्युटरचा कारभार बाईंकडं आला, कारण दुसऱ्या कुणाची हात लावायची छाती नव्हती. त्या वयात दर रविवारी एसटीनं बीडला जायच्या, आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून शिकायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायच्या. वहीत सगळं सुवाच्य अक्षरात, समासासकट. सोमवारी आम्हाला शिकवायच्या. हेडमास्तरांनी कॉम्प्युटरचा तास शाळा सुटल्यावर ठेवला होता. बाईंनी आठवडाभर नुसती हजेरी पाहिली आणि वेळापत्रक फाडून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. "साडेचारच्या एसटीनं खेड्यावरच्या साऱ्या पोरी जातात. मंग हे मशीन काय केजच्या पोरांसाठीच आनलंय?" दुसऱ्या दिवसापासून तास सकाळी पहिला झाला. पोरींना याचं कारण कधी कळलंही नसेल.

एक वाक्य मात्र त्यांनी त्या खोलीत बंद करून टाकलं होतं. "कॉम्प्युटरनं केलं" असं कुणी म्हणायचं नाही. कारकुनानं म्हटलं तरी नाही, हेडमास्तरांनी म्हटलं तरी नाही. "मी टाइप केलं" म्हणायचं. "मी छापलं" म्हणायचं. छापलेला प्रत्येक कागद मूळ रजिस्टरशी ताडून बघायचा, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं, आणि खाली दोघांनी सही करायची. त्यांचा वाचणारा जोडीदार बहुधा मी असायचो. माझा घसा बसायचा, पण बाईंचं बोट कधी थांबायचं नाही.

शिष्यवृत्तीच्या यादीचा किस्सा आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. कारकुनानं हौसेनं ती कॉम्प्युटरवर छापली आणि फलकावर डकवली. नाव, जात, बापाचं उत्पन्न, सगळे रकाने कसे सरळ रेषेत. गावभरचे लोक बघायला आले, यादी किती देखणी झालीय म्हणून. मधल्या सुट्टीत बाई तिथून चालल्या होत्या. पाचवीतली एक पोर फलकाला पाठ लावून उभी होती, आपली ओळ झाकून. बाईंनी तिला काही विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि फलकावरच्या फलकावर जातीचा आणि उत्पन्नाचा रकाना वरपासून खालपर्यंत कापून घेतला. कारकून धावत आला. "बाई, सरकारी कागद हाय तो." बाई म्हणाल्या, "सरकारला पाठवायचा तो सरकारला पाठवा. भिंतीला सांगायची गरज न्हाई. तुमच्या घरात किती पैका येतो ते लावू का मी इथं?" त्यानं हात टेकले. पुढं एका खासगी शिकवणीवाल्यानं दहावीच्या पोरांची नावं आणि पत्ते मागितले, तेव्हा त्यालाही चहा मिळाला, यादी मिळाली नाही. "प्रत्येक पोराच्या बापाची चिठ्ठी आना," एवढंच बाई म्हणाल्या. तो चहा पिऊन गेला तो परत आला नाही.

अशी ही बाई. आता ती चुकली, ती गोष्ट सांगतो. मला बाईंचं मोठेपण तिथंच कळलं.

बाईंची थोरली बहीण धर्मापुरीला दिलेली. तिची मुलगी गौरी हिरेमठ शिकायला बाईंकडं राहत होती. "तुझ्यासारखी कर हिला," एवढं सांगून बहिणीनं लेक हवाली केली होती. गौरी नववीत. हसरी, बडबडी पोर, घरी पोचेपर्यंत मावशीला दिवसभराचं सगळं सांगून संपवायची. तिच्याच बाकावर मंदा इंगळे बसायची. मंदाचा बाप मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. मंदा अभ्यासात बरी, पण तोंडातून शब्द काढायची नाही. उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करायची.

त्या वर्षी अण्णांनी जाहीर केलं की नववीचा निकाल कॉम्प्युटरवर लागणार. आसपासच्या कुठल्याच शाळेत तसं झालं नव्हतं. बाईंनी आणि मी सगळे गुण चढवले, वाचून ताडले, सह्या केल्या. त्यात एक चूक नव्हती, मी शपथेवर सांगतो. पण आमच्या रजिस्टरात आधी सगळी मुलं आणि मग तळाशी सगळ्या मुली, अशी जुनी रीत होती. बाईंना ती खुपायची. मुलगी पहिली आली तरी तिचं नाव तळातच. सह्या झाल्यावर त्यांना वाटलं, आता तरी सगळी नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरानं एकत्र लावू. त्यांनी एकटीनं बसून आधी नावं नव्या क्रमानं लावली, मग त्यांच्यासमोर गुण आणून ठेवले. नावांमध्ये एक नाव घसरून दहा ओळी खाली पडलं आणि मधली दहा नावं एकेक ओळ वर सरकली. गुण आपल्या जागेवरच राहिले. नुसता क्रम तर बदलला, म्हणून ती यादी पुन्हा ताडली नाही. आयुष्यात तेवढं एकदाच.

निकालाच्या दिवशी मंडप, सतरंज्या, अण्णांचं भाषण. "आता वशिला न्हाई, हयगय न्हाई. मशीन चुकत न्हाई," असं अण्णा म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. छापील यादीवरून भरलेली प्रगतिपुस्तकं वाटली गेली. मंदा इंगळे गणितात नापास. बापानं पुस्तक उलटसुलट पाहिलं, तिच्या हातात दिलं आणि दोघं निघून गेले.

बाई शिक्षकांच्या खोलीत सकाळपासून बसून होत्या. दुपारी चारला त्यांनी मला विचारलं, "डोंगरे सर, आज कुनी आलं का?"

"कशाला?"

"भांडायला."

मला कळेना. मग आठवलं. दर वर्षी निकालाला दहा-पंधरा बाप हमखास यायचे. 'बाई, माझं पोरगं एवढं कच्चं न्हाई, पुना बघा,' म्हणून डोक्यावरचं मुंडासं टेबलावर ठेवून बसायचे. बाई शांतपणे पेपर काढून दाखवायच्या. चारपाच वर्षांत एखादा बाप खराही निघायचा.

मी म्हटलं, "आता कोन भांडनार बाई? कॉम्प्युटरचा निकाल हाय."

बाईंचा हात छातीशी गेला. मग म्हणाल्या, "एकबी मानूस आला न्हाई. हे लई वाईट हाय. रजिस्टर आना."

आम्ही वाचायला बसलो. छापील यादीच्या क्रमानं मी रजिस्टरातली नावं शोधून वाचत होतो, त्या यादीवर बोट ठेवत होत्या. अर्ध्यापर्यंत सगळं ठीक. मग एका ओळीवर बोट थांबलं. पुढच्या ओळीवर थांबलं. त्याच्या पुढच्या. माझा आवाज बारीक होत गेला. हिरेमठ गौरी. रजिस्टरात गणितात चोवीस. छापील यादीत त्रेपन्न. चोवीस हे बाईंनीच दिलेले होते, कोपरा दुमडून, टाचणी मारून, आपल्याच भाचीला, नकळत. खालच्या ओळीत इंगळे मंदा. रजिस्टरात अठ्ठावन्न. छापील यादीत चोवीस.

मी वाचायचा थांबलो. बाई म्हणाल्या, "पुढं वाचा, सर." आवाज नेहमीचा. बोट पुढच्या ओळीवर सरकलं. अकरा नावं निघाली. बाकी नऊ जणांचं चार मार्क इकडं, सहा मार्क तिकडं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांच्या घरी गेलो. हेडमास्तर आधीच घाम पुसत बसले होते. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "बाई, यात एवढं कावरंबावरं व्हायचं काय कारन? त्या इंगळ्याच्या पोरीला बोलवा, पास करून टाका. नवं पुस्तक द्या. तुमची गौरी पास झालीय ती ऱ्हाऊ द्या. दोघी पास, दोघी खूश. बाकीच्यांना चार मार्कानं काय फरक पडतो? आन् मशीनची आब्रूबी ऱ्हाती."

मी मनात म्हटलं, सुटलो बुवा. खरंच सांगतो, मला वाटलं यापेक्षा चांगला तोडगा नाही. मंदाचं भलं होत होतं, गौरीचं होत होतं, बाईंचं नाव राहत होतं. बाहेर कळलं तर लोक काय म्हणणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाईंनी आपल्या भाचीला पास केलं, आणि तेही गरिबाच्या पोरीचे मार्क काढून.

बाई म्हणाल्या, "अण्णा, काल एकबी बाप भांडायला आला न्हाई."

"बरं झालं की मग."

"न्हाई. इंगळे पोरीला घेऊन मुकाट घरी गेला आन् विचारायलाबी आला न्हाई. कावून? तर मशीन चुकत न्हाई म्हनून. आज गुपचूप मिटवलं तर पुढच्या सालीबी कुनी येनार न्हाई. आन् पुढच्या सालीबी चूक हुईल. मानसं हावोत आपन. मंग ती पोर कुनाला दिसनार?"

अण्णा म्हणाले, "आन् गौरी?"

"गौरी नापास हाय."

मला बाईंच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांचा थोडा रागही आला. एवढं कडक कसं राहावं माणसानं, असं वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

फलकावर दोन याद्या शेजारी शेजारी लागल्या, चुकलेली आणि बरोबर. अकरा ओळींच्या खाली लाल रेघ. त्याखाली बाईंच्या हस्ताक्षरात होतं: 'ही चूक यंत्राची नाही. माझी आहे. मी यादी पुन्हा ताडली नाही. ज्याला आपल्या गुणांबद्दल शंका असेल त्याने आठ दिवसांत यावे. पेपर दाखवला जाईल.' खाली सही, पूर्ण नावानिशी. हेडमास्तरांनी निदान सही तरी नको म्हणून विनवलं. बाई म्हणाल्या, "सही नसली तर ती परत मशीनच्या नावावर जाईल."

मंदाच्या घरी गेलो तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, बापानं तिला मामाकडं चकलांब्याला पाठवून दिलं, शाळा बास झाली म्हणून. बाई म्हणाल्या, "उद्या पयल्या गाडीनं जाऊ." हेडमास्तरांची लेखी परवानगी घेऊन त्यांनी मंदाचा गणिताचा पेपर पिशवीत टाकला. मे महिन्याचं ऊन. केजहून बीड, बीडहून गेवराई, तिथून जीप. जीपमध्ये आम्ही इतके होतो की ड्रायव्हर दाराबाहेर अर्धा लोंबकळत होता. बाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

मामाच्या अंगणात बाजेवर कुरडया घालायचं काम चाललं होतं. मंदाचे हात चिकानं माखलेले. आम्हाला बघून ती उभीच राहिली. मामानं पाणी दिलं, गूळ दिला. बाई बसल्या नाहीत. पाचसहा बाया, मामा, शेजारी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मंदा पास हाय. अठ्ठावन मार्क हायेत तिला. माझ्या हातनं चुकलं, वरच्या ओळीचे मार्क तिच्या नावापुढं आले. मी माफी मागायला आले."

मामाला ते पटेना. "पन बाई, कॉम्प्युटरनं नापास केलं म्हनले भावजी. मशीन कशाला कुनाचं वाईट करंल?"

"कॉम्प्युटरनं न्हाई केलं. मी केलं."

मंदा खाली बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, मंग गौरी?" यादीत आपल्या वर कुणाचं नाव असतं हे तिला ठाऊक होतं.

"गौरी नापास हाय," बाई म्हणाल्या. तेवढं बोलताना त्यांनी मंदाकडं बघितलं नाही.

मग त्यांनी पेपर काढून तिच्यासमोर धरला. मंदानं हात धुतले, पदराला... नव्हे, परकराला पुसले, आणि अंगणातच बसून सगळा पेपर वाचला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बोट ठेवून. आम्ही ताटकळत उभे. शेवटी तिनं एका गणितावर बोट थांबवलं. "बाई, हितं उत्तर बरोबर हाय. तुमी दोन मार्क कमी दिलेत."

मामा ओरडला, "गप ए, बाईला उलटं बोलती?"

बाईंनी त्याला हातानं थांबवलं. पेपर घेतला, उन्हाला धरून पाहिला, पुन्हा पाहिला. म्हणाल्या, "न्हाई. उत्तर बरोबर हाय, पन मधली एक पायरी गाळलीस तू. दोन मार्क मिळनार न्हाईत." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. परतीच्या जीपमध्ये बाईंचा चेहरा इतका उजळला होता की मी विचारलंच, "बाई, एवढं काय झालं?" त्या म्हणाल्या, "भांडली की ती माझ्याशी, सर. मंदा भांडली." जूनमध्ये मंदा दहावीच्या वर्गात येऊन बसली.

केजमध्ये व्हायचं तेच झालं. पेपर बघायला आठ दिवस रांग लागली. खेड्याखेड्यांतून बाप आले, आया आल्या. लोकांना ते इतकं आवडलं की अण्णांनी पुढच्या भाषणात ती आपलीच कल्पना म्हणून सांगितली, आणि दर निकालानंतर पेपर दाखवायचा दिवस पक्का झाला. लोक त्याला भांडणाचा दिवस म्हणायला लागले. पण तीच माणसं पानटपरीवर म्हणायची, "भाचीला पास केलतं बाईनं. पकडली गेली म्हनून सही केली." बाईंनी एकाला उत्तर दिलं नाही. संस्थेनं कॉम्प्युटरचा कारभार त्यांच्याकडून काढला आणि माझ्याकडं दिला. बाईंनी मला किल्ली दिली, बीडची वही दिली आणि म्हणाल्या, "शेवटची यादी ताडा, सर. मधली न्हाई, शेवटची."

हे सगळं त्यांनी पचवलं. गौरीचं पचलं नाही. धर्मापुरीहून तिचा बाप आला, नको नको ते बोलला, लेकीला घेऊन चालला होता. गौरीच म्हणाली, "नववी इथंच करून येते." पण ती ते बापाशी बोलली. मावशीशी तिनं अबोला धरला. तिला आतून माहीत होतं म्हणे की पेपर वाईट गेलाय. पास झाल्याचं तिलाही नवल वाटलं होतं. राग होता तो एकाच गोष्टीचा. "तुला गप बसता आलं असतं," एवढं एकदा बोलली आणि मग वर्षभर एक शब्द नाही. एकाच घरात दोघी. गौरी भाकरी करायची, ताट वाढून ठेवायची, वेळेवर शाळेत यायची, पुन्हा नववीच्या बाकावर बसायची. बाई माझ्याजवळ एकदाच बोलल्या. "घरात लई शांत हाय, डोंगरे सर." आणि मग फळा पुसायला लागल्या.

पुढच्या वर्षीच्या निकालानंतरचा भांडणाचा दिवस. त्याच महिन्यात बाई निवृत्त व्हायच्या होत्या. लिंबाखाली टेबल टाकून मी गठ्ठे घेऊन बसलो होतो, समोर पालकांची रांग. मान वर केली तर रांगेत, उन्हात, दोन फेटेवाल्यांच्या मागं शेटे बाई उभ्या, आणि त्यांच्या मागं गौरी. मी गडबडीनं उठलो. "बाई, तुमी रांगेत कशाला? इकडं या की."

"मी आज बाई न्हाई, सर. हिची पालक हाय. नंबर आला का येते."

नंबर आला. त्या वर्षी नववीचं गणित बाईंनी स्वतःहून दुसऱ्या शिक्षकाकडं दिलं होतं. मी पेपर काढला. एक्केचाळीस मार्क होते. बाईंच्या हातात दिला, तर त्यांनी तो बघितलाच नाही. तसाच मागं गौरीपुढं केला. "तू बघ. तुझा पेपर हाय."

गौरीनं तो टेबलाच्या कडेला ठेवला आणि वाचायला लागली. एकेक गणित, एकेक पायरी, प्रत्येक मार्क. मग सगळी बेरीज बोटांवर केली. मागची माणसं कुरकुरायला लागली. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा. बाई समोर बघत होत्या, गौरीकडं नाही. त्यांचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता. परीक्षेला बसलेल्या माणसासारखा.

गौरीनं पेपर मिटला आणि म्हणाली, "बरोबर हाय, मावशी."

बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पालकाच्या रकान्यात सही केली. ती सही रकान्याच्या बाहेर गेली. मग दोघी फाटकाकडं निघाल्या. गौरी काहीतरी सांगत होती, भरभर, हातवारे करून, वर्षभराचं सगळं एकदम सांगायचं असल्यासारखी, आणि बाई मान खाली घालून ऐकत चालल्या होत्या.